अनामत की आमदनी?

गेल्या पावसाळ्यात एका वृद्ध स्नेह्यांना सोबत म्हणून आम्ही कोथरुडातील एका इमारतीचे तीन जिने चढलो. लिफ्ट बंद होती. स्नेही सत्तरीच्या पलीकडचे. सारे आयुष्य शाळेत गणित शिकवण्यात गेलेले. त्यांचा मुलगा जर्मनीत म्युनिक येथे नोकरीस आहे. परदेशी जाण्यापूर्वी तीन वर्षे तो याच इमारतीतील एका घरात भाड्याने राहत होता. घर रिकामे करून, विजेचे व गॅसचे देणे चुकते करून, किल्ल्या मालकांच्या हाती देऊन तो २०२३ च्या डिसेंबरात विमानात बसला. मालकांकडे त्याचे नव्वद हजार रुपये अनामत होते. ते ‘आठवडाभरात पाठवतो’ असे मालकांनी दाराशी उभे राहून सांगितले होते. तो आठवडा अद्याप संपलेला नाही. आमच्या स्नेह्यांची ही अकरावी खेप होती.

मालक कोणी दुष्ट मनुष्य नव्हेत, हे प्रथमच सांगितले पाहिजे; कारण ते दुष्ट असते तर हा लेख लिहिण्याचे प्रयोजन उरले नसते. एका जबाबदारीच्या जागेवरून ते निवृत्त झालेले आहेत. दिवाणखान्यात पुस्तकांचे कपाट आहे, आणि ती पुस्तके वाचलेली दिसतात. आमचे आगतस्वागत त्यांनी मनापासून केले. चहाही उत्तम होता. अनामतीचा विषय निघाला तेव्हा मात्र त्यांचा चेहरा, भिक्षेकरी दाराशी आला असता गृहस्थाचा होतो, तसा झाला. भिंतींना नवा रंग द्यावा लागला. न्हाणीघरातील नळ बदलावा लागला. साफसफाईला माणसे लावावी लागली. पावत्या पाहावयास मिळतील काय, असे विचारता ते किंचित दुखावले. शेवटी समजुतीच्या सुरात म्हणाले, “सर, तुमच्या चिरंजिवांना युरोत पगार आहे. नव्वद हजारांचे त्यांना काय मोठेसे?”

येथपर्यंतचे सर्व आमच्या स्नेह्यांना दहा वेळा ऐकून पाठ झालेले होते. पुढचे नवीन होते. बोलण्याच्या ओघात मालकांनी आपल्या मुलाचा विषय काढला. तोही परदेशी, इंग्लंडात असतो. नुकतेच त्याने तेथले भाड्याचे घर बदलले. मालक मोठ्या कौतुकाने म्हणाले, “तिकडची शिस्तच निराळी हो! घर सोडले, आणि दहा दिवसांत शेवटच्या पेनीपर्यंत डिपॉझिट खात्यात जमा!” आमच्या स्नेह्यांनी आमच्याकडे पाहिले, आम्ही कपाकडे पाहिले. ज्यांचा चहा प्यावयाचा त्यांना त्यांच्याच घरात बोल लावणे आम्हांस प्रशस्त वाटले नाही. म्हणून तेथे न बोललेले येथे बोलतो.

‘अनामत’ हा शब्द आपल्या भाषेत अरबी-फारसीच्या वाटेने आला. विश्वासाने दुसऱ्याच्या हाती ठेवलेली वस्तू, हा त्याचा अर्थ. ज्याच्या हाती ठेवली तो तिचा मालक नव्हे, राखणदार. आपल्या जुन्या धर्मशास्त्रात हिलाच ‘निक्षेप’ असे नाव आहे, आणि मनुस्मृतीत जी अठरा व्यवहारपदे सांगितली आहेत त्यांत ऋणाच्या पाठोपाठ दुसरेच पद निक्षेपाचे आहे. ठेव परत न करणारा आणि ठेव न ठेवताच मागणारा, या दोघांसही चोराप्रमाणे दंड करावा, असे तेथे म्हटले आहे. मनुस्मृतीतील पुष्कळ गोष्टी टाकून देण्याजोग्या आहेत, व समाजाने त्या टाकल्या हे योग्यच केले. परंतु टाकताना नेमकी ही एक चांगली गोष्टही आपण टाकावी, याचे नवल वाटते. देवलांनी मराठी रंगभूमीवर आणलेल्या ‘मृच्छकटिका’तील चारुदत्त तरी आमच्या वाचकांच्या स्मरणात असेलच. वसंतसेनेने विश्वासाने ठेवलेले अलंकार त्याच्या घरातून चोरीस गेले. चोरी शर्विलकाने केली. चारुदत्ताचा त्यात काडीचा अपराध नव्हता. तरीही त्या दरिद्री ब्राह्मणाच्या पत्नीने आपली रत्नमाला त्या ठेवीच्या बदली काढून दिली. प्रेक्षकांतील आपण सर्वजण तेथे गहिवरतो. मग घरी येऊन भाडेकरूच्या अनामतीतून दिवाणखान्यास रंग काढतो!

रंगाचेच पाहू. तीन वर्षे माणसे राहिली की भिंती मळतात, नळाचे वायसर झिजते, दाराच्या कड्या सैल होतात. माणसाने घरात राहावे म्हणूनच घर भाड्याने दिलेले असते, आणि या झिजेचा मोबदला भाड्याच्या रूपाने दरमहा पोचलेला असतो. खिडकीची काच फोडली, ओट्याचा दगड तडकवला, तर ते नुकसान. त्याची भरपाई मागावी, पावती दाखवावी, आणि उरलेले पैसे त्याच दिवशी परत करावे. याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु आठ वर्षांपूर्वी दिलेला रंग मळला म्हणून नव्या रंगाचा सगळा खर्च जाणाऱ्या भाडेकरूच्या माथी मारणे म्हणजे जुने धोतर दुसऱ्यास नेसावयास देऊन त्याच्याकडून नवे वसूल करणे होय. बरे, हा हिशोबही लेखी कधी होत नाही. तो तोंडी असतो, आणि विचाराल तेव्हा वाढलेला असतो.

मालक मंडळींचा दुसरा युक्तिवाद असा की, सध्या हातात पैसे नाहीत. नवा भाडेकरू आला की त्याच्या अनामतीतून देऊ. हे ते अगदी निष्पाप चेहऱ्याने सांगतात. याचा अर्थ काय होतो याचा त्यांनी कधी विचार केला आहे काय? याचा अर्थ असा की, राखावयास दिलेले पैसे त्यांनी खर्च केले, आणि आता एकाची ठेव फेडण्यासाठी दुसऱ्याची ठेव मोडणार आहेत. एखाद्या सहकारी पतपेढीने असे केले, तर हेच गृहस्थ तिच्या दारात उभे राहून चालकांच्या नावाने शंख करतील. स्वतःच्या घरी केले म्हणजे मात्र तो व्यवहार होतो.

आणि तिसरा युक्तिवाद, जो आमच्या स्नेह्यांना ऐकावा लागला तो: तुम्ही परदेशात आहात, तुम्हांला काय कमी? या वाक्याची चीड यावी तितकी आमच्या लोकांस येत नाही. धनको श्रीमंत असला म्हणजे ऋणको ऋणमुक्त होतो, हा सिद्धांत कोणत्या शास्त्रातला? पेढीवाल्यापाशी पैसे पुष्कळ म्हणून त्याचे कर्ज बुडवण्याची मुभा कोणास आहे? आणि या परदेशस्थांची श्रीमंती तरी काय असते! कर्ज काढून शिकावयास गेलेली मुले, पहिल्या नोकरीच्या पहिल्या वर्षातले संसार, तेथल्या घराची अनामत भरण्यासाठी इथल्या अनामतीची वाट पाहणारी जोडपी. आमच्या स्नेह्यांच्या मुलास म्युनिकमध्ये घर घेताना नेमकी हीच अडचण पडली, आणि ती वडिलांच्या निवृत्तिवेतनातून भागली. परंतु हेही सांगण्याची आम्हांस लाज वाटते. कारण तो कोट्यधीश असता तरी नव्वद हजार त्याचेच होते.

परदेशी गेलेल्याची ठेव बुडण्यामागचे खरे कारण मात्र या युक्तिवादांत नाही. ते साध्या त्रैराशिकात आहे. भाडेकरू गावातच असता, तर तो रोज दारात उभा राहिला असता, शेजाऱ्यांच्या कानावर गेले असते, सोसायटीच्या सभेत गोष्ट निघाली असती. तो सात समुद्रांपलीकडे गेला की मालकाच्या मनात आपोआप हिशोब होतो: हा नव्वद हजारांसाठी विमानाचे भाडे भरून येणार नाही, व्हॉट्सअॅपवर निरोप पाठवील, पाठवू दे, वर्षभराने कंटाळेल. असा हिशोब ते जाणूनबुजून करतात असे आमचे म्हणणे नाही. तो होतो, आणि ते त्यास आडवे जात नाहीत, इतकेच.

या हिशोबास आपला कायदाही हातभार लावतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा. तो २००० सालच्या मार्च अखेरीस अमलात आला. त्याच्या २४ व्या कलमान्वये, लिव्ह अँड लायसेन्सची मुदत संपूनही राहणाऱ्याने घर सोडले नाही, तर मालकास सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून घराचा ताबा मागता येतो. शिवाय त्या जादा काळाबद्दल दुप्पट दराने भरपाई मिळते. ही तरतूद योग्यच आहे. घर देऊन पस्तावलेल्या मालकांच्या कहाण्या आम्हांसही ठाऊक आहेत, आणि अशी खात्री नसती तर कित्येक घरांना कुलपेच लागली असती. परंतु तराजूचे दुसरे पारडे पाहा. घर वेळेवर न सोडणाऱ्यास दुप्पट दंड. अनामत वेळेवर न देणाऱ्यास काय? त्याच्यासाठी असा सक्षम प्राधिकारी नाही, दुप्पट नाही, दीडपटही नाही. ज्याचे पैसे अडकले त्याने वकील करावा, नोटीस द्यावी, दिवाणी दाव्याच्या लांबच्या वाटेला लागावे.

आता ही वाट परदेशातून चालून पाहू. दावा लावावयाचा तर येथे कोणाच्या तरी नावे मुखत्यारपत्र हवे. ते परक्या देशात भारतीय वकिलातीसमोर किंवा तेथल्या नोटरीसमोर करावे लागते, आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर येथील मुद्रांकशुल्क भरावे लागते. एवढे करून मुखत्यार न्यायालयात उभा राहिला, तरी त्याला सर्वच गोष्टींची साक्ष देता येत नाही. जी गोष्ट मूळ धन्याच्याच व्यक्तिगत माहितीतली, तिच्याविषयी मुखत्याराने त्याच्या जागी साक्ष देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली सांगितले आहे. घर कसे होते, कसे सोडले, मालक दाराशी काय म्हणाले, हे सारे मुलालाच माहीत. वडील फक्त जिने चढू शकतात. परदेशस्थ साक्षीदाराची साक्ष दूरदृश्य यंत्रणेने घेता येते, हे त्याच न्यायालयाने महाराष्ट्रातल्या एका खटल्यात २००३ सालीच मान्य केले. तेव्हा मार्ग अगदीच बंद आहे असे नाही. परंतु नव्वद हजारांच्या दाव्यात हे सारे जुळवून आणणारा वकील शोधणे, हे त्या नव्वद हजारांहून महाग पडते. आणि या सर्वांवर मुदतीचा कायदा: तीन वर्षे उलटली की दावा बाद.

आमचे सरकार अनामतीविषयी अगदी बेफिकीर आहे असे मात्र कोणी समजू नये. लिव्ह अँड लायसेन्सच्या करारावर मुद्रांकशुल्क आकारताना, परत करावयाच्या अनामतीवर दरसाल दर शेकडा १० प्रमाणे व्याज धरण्यात येते, आणि ते भाड्याच्या रकमेत मिळवून त्यावर शुल्क घेतले जाते. म्हणजे नव्वद हजारांवर वर्षाचे नऊ हजार व्याज सरकारच्या हिशोबात पिकते. मालकास ठेवीपासून लाभ होतो, हे सरकारने ओळखले आहे. ठेवणाऱ्यास मात्र या व्याजाचा एक पैसा मिळत नाही. मुद्दल मिळाले तरी तो सत्यनारायण घालतो.

इंग्लंडातील ज्या शिस्तीचे आमचे यजमान कौतुक करीत होते, ती त्या लोकांच्या रक्तात आहे असे त्यांना वाटत असावे. तसे काही नाही. तिकडचे घरमालक धर्मराज नव्हते व आजही नाहीत. रंगाची, गालिच्याची आणि झाडलोटीची हीच रडकथा तेथल्या भाडेकरूंनीही वर्षानुवर्षे गायिली. फरक एवढाच की, ऐकणारे कोणी निघाले. २००४ च्या गृहविषयक कायद्याने ठरले, आणि ६ एप्रिल २००७ पासून इंग्लंड व वेल्समध्ये अमलात आले, की मालकाने घेतलेली अनामत सरकारमान्य योजनेच्या रक्षणाखाली गेली पाहिजे. अशा तीन योजना आहेत. एका प्रकारात पैसे योजनेच्याच हाती राहतात. दुसऱ्यात ते मालकाकडे राहतात, पण योजना त्यांचा विमा उतरवते. पैसे हाती आल्यापासून तीस दिवसांत मालकाने हे केले नाही आणि भाडेकरूस त्याची रीतसर माहिती दिली नाही, तर न्यायालय त्यास अनामतीच्या एकपट ते तिप्पट रक्कम भाडेकरूस देण्यास लावते. शिवाय २०१९ पासून इंग्लंडात साधारण घराची अनामत पाच आठवड्यांच्या भाड्याहून अधिक घेताच येत नाही. आमच्याकडे बंगळुरात दहा दहा महिन्यांचे भाडे आगाऊ ठेवून घेण्याची रूढी पडली, ती येथे आठवते.

परंतु या सर्वांत मोलाची गोष्ट निराळीच आहे. वाद झाला तर योजनेचा निवाडा करणारा मनुष्य प्रारंभीच असे धरून चालतो की, पैसे भाडेकरूचे आहेत. त्यातून काही कापून घ्यावयाचे असेल, तर ते सिद्ध करण्याचा भार मालकावर. घर देतेवेळची यादी कोठे आहे? घेतेवेळची कोठे आहे? पावती कोठे आहे? रंग किती वर्षांचा होता? सहज झिजेबद्दल काही मिळत नाही, आणि जुन्याच्या बदली नवे तर नाहीच. हा निवाडा कागदांवरून होतो, त्यास फी पडत नाही, कोणास हजर राहावे लागत नाही. म्हणून यजमानांचा मुलगा उद्या नोकरी सोडून पुण्यास परत आला, तरी येथल्या खुर्चीत बसून तो आपल्या इंग्रज मालकाशी हा वाद लढवू शकेल. दहा दिवसांत पैसे मिळाले, ते इंग्रज मालकाच्या सौजन्याने नव्हे. दोघांचे एकमत झाल्यावर दहा दिवसांत पैसे परत गेले पाहिजेत, हा नियम आहे. आणि एकमत होण्यास मालक एवढ्या तत्परतेने का तयार होतो, हे वर सांगितलेच.

जर्मनीची रीत थोड्यात सांगतो. तेथल्या दिवाणी संहितेप्रमाणे अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून अधिक असू नये. ती भाडेकरूस तीन हप्त्यांत देता येते. मालकाने ती स्वतःच्या पैशांपासून वेगळी, व्याजाने ठेवावी, आणि व्याज भाडेकरूचे. घर परत घेतल्यापासून सहा महिन्यांत मालकाने नुकसानभरपाईचा हक्क वापरला नाही, तर तो मुदतबाह्य होतो. तेथेही वार्षिक खर्चाचा हिशोब होईपर्यंत मालक काही रक्कम अडकवून ठेवतात आणि त्यावरून कटकटी होतात. स्वर्ग तेथेही नाही. पण आमच्या स्नेह्यांचा मुलगा तिकडे ज्या अनोळखी माणसाच्या घरात राहतो, त्याच्या हाती दिलेल्या पैशांची त्याला काळजी नाही. काळजी आहे ती कोथरुडातल्या, आपल्याच भाषेत बोलणाऱ्या, वडिलांना ‘सर’ म्हणणाऱ्या गृहस्थांच्या हातातल्या पैशांची.

कोणी म्हणेल, भाडेकरू तरी कोठे साव आहेत? नाहीत. शेवटचे दोन-तीन महिने भाडेच न देता ‘अनामतीतून वळते करून घ्या’ असे सांगण्याची चाल आता सर्रास झाली आहे, आणि परदेशी जाणारे तर ती हटकून पाळतात. हा करारभंग आहे यात शंका नाही. परंतु तो अविश्वासाच्या पोटी जन्मलेला आहे, आणि तो अविश्वास मालकांनी कमावलेला आहे. आमच्या स्नेह्यांच्या मुलास मित्रांनी हाच सल्ला दिला होता. वडिलांनी त्यास मनाई केली. “शेवटच्या दिवसापर्यंत भाडे द्यायचे, मग हक्काने मागायचे,” असे ते म्हणाले. हल्ली ते या वाक्याची आठवण स्वतःच काढतात आणि हसतात. ते हसणे आम्हांस पाहवत नाही.

कागदपत्रांच्या बाबतीतही आपली मंडळी गाफील. करार लेखी व नोंदलेला असावा, आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची, असे १९९९ च्या कायद्याचे ५५ वे कलम सांगते. तसे न झाल्यास अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. हे किती जणांस माहीत आहे? घरात शिरताना व सोडताना भिंतींची, नळांची छायाचित्रे घ्यावी, किल्ल्या दिल्याची पोच घ्यावी, अनामत परत करण्याची तारीख करारात लिहून घ्यावी, एवढे तरी. आमच्याकडे यास ‘अविश्वास दाखवणे’ म्हणतात. मालक वडिलधारे असतात, त्यांना काका म्हटलेले असते, मग काकांकडून पोच कशी मागावी?

केंद्र सरकारने २०२१ साली आदर्श भाडेकरार कायद्याचा नमुना राज्यांपुढे ठेवला. त्यात राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी, आणि घराचा ताबा परत घेतानाच, वाजवी वजावट करून, ती द्यावी, असे म्हटले आहे. नमुना चांगला आहे. पण तो स्वीकारणे राज्यांच्या मर्जीवर आहे, आणि पैसे तिसऱ्याच्या हाती ठेवण्याची तजवीज त्यातही नाही. आमच्या मते सारी मेख तेथेच आहे. महाराष्ट्रात हे करार आता घरबसल्या संगणकावरून नोंदले जातात. प्रत्येक करारातील अनामतीचा आकडा सरकारदरबारी लिहिलेला असतो. त्यावर व्याज धरून शुल्कही घेतलेले असते. ज्या सरकारला हा आकडा ठाऊक आहे, त्याला ती रक्कम मालकाच्या खिशाऐवजी एखाद्या बँकेत उभयतांच्या नावे ठेवावयास लावणे अशक्य आहे, असे आम्हांस वाटत नाही. मालकांच्या हक्कास त्याने बाध येत नाही; नुकसान सिद्ध करा आणि घ्या. बाध येतो तो फक्त रंग काढण्याच्या हौसेस.

हा लेख ज्या घरांत वाचला जाईल, त्यांपैकी पुष्कळांत एक मूल परदेशी आहे आणि एक जादा घर भाड्याने दिलेले आहे, हे आम्हांस ठाऊक आहे. तेव्हा आम्ही कोणा तिऱ्हाइताविषयी बोलतो आहोत असे कृपा करून समजू नये. सरकार कायदा करील तेव्हा करील. तोवर त्या जादा घराच्या भाडेकरूचे पैसे आज कोणत्या खात्यात आहेत, आणि उद्या सकाळी त्याने मागितले तर दुपारपर्यंत देता येतील काय, एवढे पासबुक उघडून पाहण्यास कायद्याची गरज नाही.

आमच्या स्नेह्यांनी अखेर बाराव्या खेपेस न जाण्याचे ठरवले आहे. मुदत २०२६ च्या डिसेंबरात संपते. मुलाने म्युनिकच्या भारतीय वकिलातीत जाऊन वडिलांच्या नावे मुखत्यारपत्र केले; ते टपालाने आले आहे, आणि त्यावर मुद्रांकशुल्क भरावयाचे राहिले आहे. पहिल्या नोटिशीचा मसुदा स्नेह्यांनी स्वतःच लिहिला. गणिताचे शिक्षक असल्यामुळे त्यांनी त्यात किल्ल्या दिल्याच्या दिवसापासूनचे व्याज महिन्यामहिन्याने मांडून दाखवले आहे, आणि दर मात्र सरकारने मुद्रांकासाठी धरलेलाच घेतला आहे.